मिठाच्या गोणीतून

मोडीत आधी रेघ मारतात,
कागदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच आडवी रेघ.
मग तिला अक्षरं टांगायची,
ओले पंचे दोरीवर टाकावेत तशी.
हे मी पणजीत शिकलो, बावन्नाव्या वर्षी,
शनिवारच्या वर्गात.
बाई म्हणाल्या, बोरू उचलायचा नाही.
माणसांना तेव्हा दम होता.

सत्तावीस पत्रं.
सावईवेऱ्याहून शहापूरला, शहापूरहून सावईवेऱ्याला.
मीठ घेऊन चोर्ल्याचा घाट चढणारा लमाण
ती गोणीत खोचून नेई,
म्हणून कडा खाऱ्या.
अजूनही आषाढात कागद मऊ पडतो,
पंख्याखाली ठेवावा लागतो.

शके सतराशे ब्याण्णव.
चिरंजीव सगुणास पुंडलिकाचे अनेक आशीर्वाद.
इकडील क्षेम.
सुपारी रोगाने अर्धी गळाली.
तांबू व्याली, पाडा झाला.
आत्याच्या घरी ताटात काही टाकू नये.
इंग्रजी शिकावी, साहेबासारखे बसू नये.
फीचे साडेतीन रुपये लमाणापाशी मोजून दिले आहेत,
मोजून घ्यावे.

सगुण अकरा वर्षांचा. लिहितो,
मास्तर तंबाखूची गोळी गालात ठेवून भूगोल सांगतात.
भिंतीवर नकाशा आहे.
त्यात गोवा नखाएवढा, निराळ्या रंगाचा.
सावई नाही. मी रोज बघतो.
थंडीने ओठ फुटले.
दादा, इथे नारळ विकत घेतात.
विकत.

नवव्या पत्रात हात बदलतो.
अक्षरं थोराड, रेघ उजवीकडे उतरत गेलेली,
पाटाच्या पाण्याला उतार द्यावा तशी.
मजकूर वडिलांचाच, कळावे, आशीर्वाद,
आणि त्याच्याखाली, उरलेल्या दोन बोटं जागेत:

*ही द्वारकी लिहिते. दादांना दिसत नाही आता.
मला कोणी शिकवले नाही.
तू टाकून गेलास त्या खर्ड्यावरून
पोफळीच्या विरीवर कोळशाने गिरवले.
आत्याला सांगू नको.
येताना मला*

इथे मीठ पाझरलंय.
एक अक्षर गेलंय, मागे नुसती *टी* उरली आहे,
*आण.*

वाटी? पाटी?
बाईंना दाखवलं. त्यांनी भिंग धरलं,
म्हणाल्या, मुलगी नऊ वर्षांची ना, मग वाटी.
भातुकलीची असेल.
मी वहीत जागा कोरी सोडली.

सगुणचं उत्तर आहे, पण तोही नाव घेत नाही.
*तुझे ते घेतले. सव्वा आणा पडला.
दादांच्या हिशेबात कशाखाली लिहू?*

पुढच्या पाच पत्रांत ती अशी मध्ये मध्ये बोलते.
दादा सांगतात, अभ्यास कर.
दादा सांगतात, थंडीत कान बांध.
दादा रात्री खोकतात. हे त्यांनी सांगितले नाही,
मी लिहिते.

पंधराव्यापासून गावातल्या कुणा लिहिणाराचा हात.
ओळी सरळ, चूक एक नाही.
*द्वारकीचे लग्न वैशाख वद्य पंचमीस यथासांग झाले.
तुझी परीक्षा म्हणून बोलावले नाही.*

मग बारा पत्रं. व्याजाची, पाणंदीच्या भांडणाची,
दादा गेले त्याची.
एकात नुसता दोरा आहे, मजकूर नाही.
कुणाच्या मापाचा, कळत नाही.

सत्ताविसावं बांदिवड्याहून, शके अठराशे चार.
सगुण तेव्हा बेळगावात कारकून.
रेघ अजून उजवीकडे उतरते.

*तीर्थस्वरूप भाऊस द्वारकीचा नमस्कार.
इकडे देवीचा प्रकोप होता, आता बरे.
तू आणलेली ती अजून आहे.
लग्नात लुगड्याच्या घडीत घालून आणली होती.
एक कोपरा उडाला, तरी चालते.
धाकटीला तीच दिली आहे.*

घडी उलगडताना वाळूचे दोन कण पडले,
शाई सुकवायला तिने टाकलेल्या वाळूचे.
टेबलावरून मी ते फुंकले नाहीत.
वही मागे उलटली, नववं पत्र काढलं,
आणि कोऱ्या जागेत पेन्सिलीने
एक अक्षर टांगलं.